भुरक्यांची तालीम

ग्वांगशिकच्या दुकानात कुणी किमची मागितली, की तो त्या माणसाकडे अशा नजरेने बघायचा, जणू त्याने बुद्धाच्या मंदिरात शिरून मटण मागितलंय.

“किमची नाही.”

“संपली?”

“ठेवतच नाही.”

गिऱ्हाईक मग एकदा ग्वांगशिककडे बघायचं, एकदा दाराकडे. कोरियातल्या बुसानमध्ये जेवायच्या जागी किमची, म्हणजे कोबीचं झणझणीत आंबट लोणचं, ठेवत नाही म्हणजे न्हाव्याने आरसा ठेवत नाही म्हणण्यासारखं. हा माणूस दुकान चालवतोय की कुणावर सूड उगवतोय, असा प्रश्न पडावा.

“साहेब, हे रामेन आहे,” ग्वांगशिक समजावायचा. “जपानी रामेन. तुम्ही घरी पाकीट फोडून, तिखटजाळ मसाला टाकून उकळता ते रामयॉन वेगळं. हा रस्सा डुकराच्या हाडांचा आहे, कालपासून उकळतोय. यात वरून काही घालायचं नसतं. आहे तसं खायचं.”

“हाडांचाच ना? मग समोरच्या खानावळीत पण हाडांचाच असतो. ते भात घालून देतात. वर कांद्याची पात, मिरची, किमची देतात आणि ‘अजून रस्सा वाढू का’ असं विचारतात. तुम्ही नुसतं उभं राहून बघता.”

आणि गिऱ्हाईक समोर जायचं. समोरच्या खानावळीचा धंदा वाढवण्यात ग्वांगशिकचा फार मोठा हात होता. तिथल्या मालकाने नवीन वर्षाला त्याला सफरचंदांची पेटी पाठवली, ती उगाच नाही.

प्यो ग्वांगशिक दोन वर्षं समुद्रापलीकडे फुकुओकाला, उस्ताद शिगेमात्सु यांच्या रामेनच्या दुकानात राबून आला होता. जाताना चांगला कोरियन होता. परत आला तो इतका जपानी होऊन, की जपानी माणसालाही अवघडल्यासारखं व्हावं. आईसमोर तो इतका वेळ वाकून उभा राहायचा, की तिला वाटायचं याची कंबर धरली. दुकानाची पाटी जपानी, मेनू जपानी, भिंतीवर खायचे नियम लिहिलेले, तेही जपानीत. गल्लीत एकालाही ते वाचता येत नव्हते, त्यामुळे एकही नियम पाळला जात नव्हता, आणि याचं ग्वांगशिकला रोज नव्याने दुःख व्हायचं. गल्लीतल्या इतर खानावळींत टेबलावर कात्री असते. नूडल्स लांब वाटल्या की माणसं कचाकच कापून मोकळी होतात. ग्वांगशिकने दुकानातली कात्री कुलपात ठेवली होती. किल्ली स्वतःच्या गळ्यात.

अशात एके दिवशी उस्तादांचा फोन आला. ते कधीच दोन वाक्यांच्या वर बोलत नसत. “पुढच्या आठवड्यात बोटीने येतो. नोरेन बरोबर आणतोय, पण आधी दुकान बघीन.”

फोन ठेवल्यावर ग्वांगशिक खुर्चीत बसला आणि आईने त्याला पाणी दिलं.

नोरेन म्हणजे दुकानाच्या दारावर टांगायचा आखूड कापडी पडदा. दिसायला स्वयंपाकघरातल्या फडक्याहून फार वेगळा नसतो. पण उस्तादाने आपल्या दुकानाचा नोरेन शागिर्दाला दिला, की शागिर्द त्या घराण्याचा झाला. मग समोरच्या खानावळवाल्याने काय म्हणायचं ते म्हणू दे. शिगेमात्सुंनी आजवर तो कुणालाही दिला नव्हता. दोन वर्षं त्यांची भांडी घासताना ग्वांगशिकच्या डोळ्यांसमोर तेच फडकं फडफडत होतं.

“मग छानच झालं की,” आई म्हणाली. “येऊ देत.”

“आई, येऊन बघणार काय? दुकानात माणूस नाही. आणि जो येतो तो आवाज करत नाही.”

“कसला आवाज?”

“भुरक्याचा. उस्ताद म्हणायचे, रस्सा कसा झालाय ते गिऱ्हाइकाला विचारू नकोस, कान दे. भुरका ऐकू आला नाही तर समज, एक तर गिऱ्हाईक आजारी आहे नाहीतर रस्सा. तिकडे दुकानात कसा आवाज असतो माहीत आहे? दहा माणसं एकदम भुरके मारतात. आणि आपल्याकडे सगळे गुपचूप घास तोडून खातात, शोकसभेला आल्यासारखे.”

“आपल्याकडे त्याला वळण म्हणतात,” आई म्हणाली. “पण तुला भुरके मारणारी माणसंच पाहिजेत ना? मी आणते. रडायला भाड्याने बायका मिळतात, तर भुरके मारायला का नाही मिळणार?”

दुसऱ्या दिवशी दुपारी मासळी बाजार थंडावल्यावर आई आठ-नऊ कोळिणींना घेऊन दुकानात शिरली. रबरी गमबूट, रबरी एप्रन, आणि सगळ्यांच्या डोक्यावर सारखेच कुरळे केस. पुढे पिलने मावशी. तिचा बांगडे विकायचा गाळा बाजाराच्या या टोकाला. पण ती भाव सांगायला लागली, की धक्क्यावरच्या बोटीतली माणसं मान वर करत. ग्वांगशिक लहानपणी तिच्याच टोपल्यांमध्ये झोपायचा.

“तुझी आई सांगत होती, फुकट खायला घालणार आहेस,” मावशी बसता बसता म्हणाली. “ते खारट पाणीच ना? मग वर काय देशील?”

“वर?”

“अरे, फुकट आहे म्हणून विष खाईल का कोणी? वर काहीतरी पाहिजे.”

शेवटी ठरलं, की महिनाभर रोज पहाटे ग्वांगशिकने मावशीच्या गाळ्यावर बर्फाच्या पेट्या उचलून द्यायच्या. त्याच्या पाठीने त्याच क्षणी एक बारीकशी कळ देऊन आपला निषेध नोंदवला.

तालमीच्या पहिल्या दिवशी घोडं वाडग्यापाशीच अडलं.

“वाडगं हातात उचलायचं,” ग्वांगशिकने उचलून दाखवलं.

“का? टेबल मोडलंय?”

“जपानमध्ये असंच खातात, मावशी.”

“भांडं उचलून भिकारी खातात. तुझ्या आजीने हेच सांगून तुझ्या पाठीत रट्टे घातलेत. मी समोर होते.”

“आणि भांडं खाली ठेवून, त्यात तोंड घालून कुत्रं खातं, असं जपानमध्ये म्हणतात.”

 पिलने मावशीच्या शेजारी मालसून बसली होती, तिचा गाळा मावशीला लागूनच. तिने हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

“म्हणजे ते जपानी पाहुणे आपल्याकडे जेवताना बघून गोड हसतात,” ती म्हणाली, “तेव्हा मनात हे म्हणतात?”

 पुढच्याच क्षणी सगळी वाडगी एकदम वर गेली. अपमानाने माणूस जितक्या झटकन शिकतो तितका छडीने शिकत नाही.

भुरक्याला मात्र वेळ लागला. ग्वांगशिकने स्वतः एक नमुनेदार भुरका मारून दाखवला, तेव्हा बायकांनी माना फिरवल्या.

“शी,” पिलने मावशी म्हणाली. “लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडून याच्या निम्मा आवाज निघाला, तर सासूने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.”

“सासू गेली की तुझी,” मालसून म्हणाली.

“म्हणून काय झालं? ऐकत असेल.”

“आणि ह्या नूडल्स कच्च्या आहेत रे,” मागून एक आवाज आला.

“अशाच असतात. जरा दाताखाली याव्यात अशा.”

“मग उरलेल्या पोटात शिजवायच्या का?”

असं करता करता तालीम पुढे सरकत होती. नियम एकेक करून गळी उतरत होते. आधी रस्सा नुसता प्यायचा. खाताना शेजारणीच्या सुनेविषयी बोलायचं नाही. दुसरीच्या वाडग्यात काड्या घालून ‘बघू गं, एकच घास’ म्हणायचं नाही. संपलं की ताबडतोब उठायचं, पाय पसरून गप्पा मारत बसायचं नाही. किमची नाही म्हणजे नाही. हा शेवटचा नियम पिलने मावशी अगदी काटेकोर पाळायची. फक्त एप्रनच्या खिशात किमचीचा डबा ठेवायची आणि ग्वांगशिकची पाठ फिरली की तो उघडायची. वासावरून ग्वांगशिकला कळायचं, पण चौकशी करायची त्याची छाती नव्हती.

तिसऱ्या दिवशी मावशी डबा घरी विसरली. नाइलाजाने ती रस्सा तसाच प्यायली आणि काही बोलली नाही. पिलने मावशी काही बोलली नाही, ही खरं तर बाजारभर सांगायची बातमी. पण ग्वांगशिक त्या वेळी मालसूनला भुरका वरच्या पट्टीत कसा न्यायचा ते शिकवत होता, त्याचं लक्ष नव्हतं. चौथ्या दिवसापासून मावशी बाकीच्यांवर डाफरायला लागली, “अगं, वाडगं सरळ धर. आधी रस्सा. घाई कसली, बोट सुटतेय का?” ग्वांगशिकला वाटलं, बर्फाच्या पेट्यांची जाणीव ठेवून बाई प्रामाणिकपणे काम करतेय.

उस्ताद शिगेमात्सु भर दुपारी आले. छोटीशी मूर्ती, हातात एक कापडी पिशवी. पिशवीकडे एकदा बघितल्यावर ग्वांगशिकची नजर तिथून निघेना.

बायका आधीच टेबलांपाशी बसल्या होत्या. त्याने वाकून वाडगं उस्तादांसमोर ठेवलं. आणि त्याच वेळी मावशीने मान हलवली. आठ-नऊ वाडगी एकदम वर गेली आणि असा काही भुरका झाला, की रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला वाटावं, गल्लीतलं तुंबलेलं गटार मोकळं झालं. सगळ्यांचा सूर एक, ताल एक. कात्री नाही, किमची नाही, गप्पा नाहीत. खाऊन झालं तशा बायका एका रांगेत उठल्या, रिकामी वाडगी उचलून ठेवली, टेबलं पुसली आणि निघून गेल्या. फुकुओकातही इतकं जपानी गिऱ्हाईक कुणी पाहिलं नसेल.

ग्वांगशिक ताठ उभा राहिला. आता पिशवी उघडेल.

उस्तादांचा चेहरा मात्र आंबट ताक प्यायल्यासारखा झाला होता.

“किमची नाही का?” त्यांनी हळूच विचारलं.

ही परीक्षा आहे, ग्वांगशिकच्या लक्षात आलं. “नाही, उस्ताद. मी जिवंत आहे तोवर या दुकानात ती येणार नाही.”

“आणि कात्री?”

“कुलपात आहे.”

“भात?”

“समोरच्या खानावळीत मिळतो. मी त्यांच्याशी बोलत नाही.”

उस्तादांनी मोठा सुस्कारा सोडला. “मग मी इतक्या लांब आलो कशाला?”

ग्वांगशिकला काही कळेना.

“तू गेल्यापासून तिकडे काय झालंय, तुला माहीत नाही,” उस्ताद म्हणाले, आणि दोन वाक्यांचा नियम मोडून बोलतच राहिले. “रोज बोट भरून तुमच्याकडची माणसं येतात. सकाळपासून रांग. माझी जुनी गिऱ्हाइकं आत शिरू शकत नाहीत. आणि ही माणसं रस्सा खारट आहे म्हणतात, पाणी मागतात. मी पाण्याचा जग ठेवला. मग किमची मागितली. ती पण ठेवली. दुकानातून आणलेली, चवीला रबरासारखी. ते खातात आणि माझ्याकडे दयेने बघतात. भात ठेवला. परवा एकाने कात्री मागितली, तर मी माझी शिवणकामाची दिली. ही माणसं खातात तरी कशी, त्यांना लागतं काय, ते एकदा त्यांच्या घरी जाऊन बघावं, म्हणून मी आलो. आणि तू मला हे काय दाखवलंस? असल्या बायका तर माझ्या गल्लीत पण आहेत.”

ग्वांगशिकला तोंडात मारल्यासारखं झालं. “आणि नोरेन, उस्ताद?”

“उद्या परत येतो. उद्या मला खरे कोरियन दाखव. मग बघू.”

दुसरा कुणी असता तर खचला असता. ग्वांगशिक तसा नव्हता. दोन वर्षं जपलेलं तत्त्व बदलायला त्याला चहा गार व्हायच्या आतला वेळ पुरला. चहा संपेपर्यंत तर त्याला आठवलं, की किमचीच्या विरुद्ध तो मुळात कधी नव्हताच, लोकांनीच गैरसमज करून घेतला. त्याने गळ्यातली किल्ली काढून कात्री सोडवली. समोरच्या खानावळीत जाऊन गोड हसून भाताची पातेली सांगून आला. भिंतीवरचे नियम उतरवले. आई किमचीच्या मोठ्या बरणीचं झाकण उघडत होती, तिने मान वळवून बघितलं.

“काल हिला घराबाहेर ठेवायला सांगत होतास,” ती म्हणाली.

“आई, काल वेगळी परिस्थिती होती.”

दुसऱ्या दिवशी उस्ताद जरा लवकरच आले. दुकान उघडलं नव्हतं, मागच्या बाजूला आई स्वतःच्या न्याहारीसाठी रामयॉनचं पाकीट फोडत होती. तिचं पिवळं, जागोजागी चेपलेलं पातेलं चुलीवर होतं. उस्ताद तिथेच थांबले आणि वाकून बघायला लागले.

“विचार त्यांना, अंडं रश्शात ढवळून टाकू का तसंच अख्खं राहू देऊ,” आई ग्वांगशिकला म्हणाली.

ग्वांगशिकने जपानीत विचारलं. उस्ताद गोंधळले. “हे मला का विचारतात? करणारा ठरवेल ना.”

“असं कसं?” आईला ते सांगितल्यावर ती म्हणाली. “खाणार ते. मिरची किती, पात किती, कुणाला चीज लागतं, कुणाला कालचा भात वरून लागतो. पाकिटात काय असतंय? मसाला आणि तळलेल्या नूडल्स. पुढचं आपण बघायचं.”

उस्तादांनी रिकामं पाकीट उचलून उलटसुलट करून बघितलं. “आमचं वाडगं येतं तेव्हा सगळं होऊन आलेलं असतं,” ते म्हणाले. “त्यात कुणी काही घातलं तर मला वाटतं, माझ्या मुलाचं नाक कुणी नीट करतंय. यांचं वाडगं येतं तेव्हा सुरुवात असते.”

आईने पातेलं तसंच त्यांच्यासमोर ठेवलं आणि ताटली म्हणून झाकण दिलं. उस्तादांनी झाकणावर नूडल्स घेऊन खाल्ल्या, डोळ्यांतून पाणी काढलं, नाक पुसलं, परत खाल्ल्या. आई “मला नको, मला नको” म्हणत शेजारी बसली आणि मग त्यांच्याच पातेल्यात काड्या घालून म्हणाली, “बघू, एकच घास.” त्या एका घासात पातेल्याचा तळ दिसला. उस्तादांच्या आयुष्यात त्यांच्या भांड्यात आजवर कुणी हात घातला नव्हता. ते रिकाम्या पातेल्याकडे बघत राहिले आणि मग ग्वांगशिकने त्यांना पहिल्यांदाच मोठ्याने हसताना ऐकलं.

एव्हाना ग्वांगशिकची छाती फुगली होती. एवढं झालं म्हणजे निम्मा नोरेन आला. दुपारी बायका येतील, मन मानेल तसं खातील, संपलं काम.

बायका आल्या. टेबलांवर किमची होती, भात होता, प्रत्येक टेबलावर एक नवी कात्री होती. कोपऱ्यात उस्ताद बसले होते, समोर ग्वांगशिकचं रामेन. पिलने मावशी दारातच थबकली.

“हे काय मांडलंयस?”

“मावशी, आज तालीम नाही,” ग्वांगशिक हळू आवाजात म्हणाला. “आज तुम्ही घरी खाता तसं खा. गप्पा मारा. किमची घ्या.”

“ह्यात किमची?”

“हो.”

“रश्शाची वाट लागेल.”

“लागू दे, मावशी.”

“आणि ही कात्री कुणासाठी? नूडल्स आहेत का केस?”

“मावशी, पाया पडतो तुमच्या. दहा मिनिटं फक्त कोरियन व्हा.”

“म्हणजे काय? काल काय मी चिनी होते?” मावशीने टेबलावरच्या किमचीच्या वाट्या गोळा केल्या आणि त्याच्या हातात दिल्या. “आधी आमच्या डोक्यात भरवलंस की वरून काही घालायचं नसतं. आम्ही ऐकलं. जीभ पण ऐकायला लागली. काल घरी नवऱ्याने रस्सा न पिता आधी नूडल्स उचलल्या, तर मी त्याच्या हातावर मारलं. आता तू म्हणतोस, राहू दे. बाजारात सकाळी एक भाव आणि दुपारी एक भाव सांगणाऱ्याला काय म्हणतात, माहीत आहे ना तुला?”

ग्वांगशिकला माहीत होतं, पण ते उस्तादांसमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. त्याने आशेने मालसूनकडे बघितलं. मालसूनने दोन्ही हातांनी वाडगं उचललं, डोळे मिटले आणि रश्शाचा वास घेतला. मागच्या टेबलावर एका नव्या बाईने कात्रीला हात लावला, तेव्हा तिच्या मनगटावर फटका बसल्याचा आवाज आला. अख्ख्या बुसान शहरात बिघडवलेलं रामेन खाईल असा एक माणूस ग्वांगशिकला मिळेना.

हे सगळं कोपऱ्यातून बघताना उस्तादांना वाटलं, बायका पाहुण्याला बुजल्यात. आपणच सुरुवात केली म्हणजे त्या मोकळ्या होतील. आणि त्यांनी, चाळीस वर्षं रामेन करणाऱ्या माणसाने, वाडगं टेबलावर ठेवलं, कात्री घेतली, नूडल्स कचाकच कापल्या. वर आईची किमची ओतली. थोडा भात लोटला. मग लांब दांड्याचा चमचा घेऊन, मान खाली घालून, आवाज न करता खायला लागले.

पिलने मावशी उठली. तिचे गमबूट फरशीवर पचक पचक वाजत कोपऱ्यापर्यंत गेले. ग्वांगशिक मध्ये पडायला धावला, पण त्याच्या दोन्ही हातांत किमचीच्या वाट्या होत्या.

मासळी बाजारातल्या सगळ्या बायकांना मासे विकण्यापुरतं जपानी येतं. मावशीने तेच वापरलं.

“आजोबा,” ती म्हणाली, “जपानचेच ना तुम्ही?”

उस्तादांनी तोंडात घास असल्याने नुसती मान हलवली.

“मग वाडगं उचला. तुमच्या देशात असं खाली ठेवून कोण खातं, ते आम्हाला सांगितलंय या पोराने.” तिने त्यांच्यासमोरचं भरताड बाजूला सरकवलं आणि स्वतःचं अजून न उष्टावलेलं वाडगं त्यांच्या हातात दिलं. “हे घ्या. आधी रस्सा. नुसता. मग नूडल्स. आणि आवाज येऊ दे, लाजू नका. रात्रभर हाडं उकळतो बिचारा.”

 ग्वांगशिकने मनातल्या मनात नोरेन फाडून त्याच्या चिंध्या केल्या, दुकान विकलं आणि समोरच्या खानावळीत भांडी घासायची नोकरी धरली.

उस्तादांनी वाडगं उचललं. रस्सा प्यायले.  मग त्यांनी एक भुरका मारला, लांबलचक, आणि मावशीने कान देऊन तो ऐकला.

“जमतंय,” ती म्हणाली. “सवयीने होईल.”

वाडगं रिकामं झाल्यावर उस्तादांनी रुमालाने तोंड पुसलं, पिशवी उघडली आणि घडी घातलेला निळा पडदा बाहेर काढला. ग्वांगशिकने घाईघाईने वाट्या खाली ठेवल्या, हात एप्रनला पुसले आणि दोन्ही हात पुढे करून वाकला. बरंच खाली वाकला. त्या अवस्थेत त्याला उस्तादांचे फक्त बूट दिसत होते. ते बूट त्याच्याजवळ आले आणि त्याला वळसा घालून पुढे गेले.

त्याने मान वर केली तेव्हा उस्ताद पिलने मावशीसमोर वाकले होते आणि नोरेन तिच्या हातात होता.

“उस्ताद,” त्याच्या तोंडून निघालं, “ती मासे विकते.”

“मी पाण्याचा जग ठेवला तेव्हाच वाकलो होतो,” उस्ताद म्हणाले. “तू काल एका शब्दावर वाकलास. ही बाई माझ्यासमोर पण वाकली नाही. घराणं सांभाळायला मला दुसरं कुणी दिसत नाही.”

मावशीला यातलं निम्मंच समजलं. तिने पडदा उलगडून उजेडात धरला, मापला, कापड बोटांत चुरून बघितलं.

“कापड चांगलं आहे,” ती म्हणाली. “पण फारच आखूड. खिडकीला पण पुरायचा नाही.”

आता तो नोरेन मासळी बाजारात, बांगड्यांच्या गाळ्यावर टांगलेला असतो. उन्हापासून बर्फाला थोडा आडोसा होतो. उस्ताद संध्याकाळच्या बोटीने परत गेले. आईची किमची दर आठवड्याला त्याच बोटीने त्यांच्याकडे जाते आणि तिथल्या कोरियन गिऱ्हाइकांनी दयेने बघणं बंद केलंय म्हणतात.

बर्फाचा करार संपून कितीतरी दिवस झाले, तरी ग्वांगशिक अजून रोज सकाळी गाळ्यावर जातो. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात झाकलेलं वाडगं. पडदा खरंच आखूड आहे, पण टांगलाय खाली. आत जायचं तर वाकावंच लागतं. मावशी हात धुते, वाडगं उचलते, आधी रस्सा पिते. मग असा भुरका मारते, की शेजारच्या गाळ्यावरची गिऱ्हाइकं वळून बघतात.

“मावशी, आता तरी?” तो पडद्याकडे बघत विचारतो.

“अजून नाही,” मावशी म्हणते. “उद्या आण. बघते.”

वाडगं मात्र रोज चाटूनपुसून परत येतं.